अ-२३चा दुसरा नमुना

माझ्या पीएचडीची थट्टा करायची लहर आली की मोठेबाबा लोणच्याची बरणी उघडून बसायचे. वर पांढरा थर दिसला की हाक मारायचे, "प्रिया, ये वं. तुहा अभ्यास आला पाय." मी चिडायचे, ते हसायचे आणि मोठीआई दोघांनाही दटावून वरचा थर काढून टाकायची. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, डोमाजी खंडारे, आणि मोठीआई त्यांची बायको. आई मला आठवतही नाही आणि वडील मी चौथीत असताना गेले, तेव्हापासून अकोल्याचं ते घरच माझं. पण बुरशीवर कोणी सहा-सहा वर्षं काय शिकतं, हे त्या घरात मी कधीच कोणाला पटवू शकले नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मोठेबाबांच्या रक्तात बुरशी निघाली. आतड्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे त्यांच्या गळ्याजवळच्या शिरेत नळी होती. त्या वाटेनं कॅन्डिडा नावाची बुरशी रक्तात शिरली आणि हृदयाच्या झडपेवर जाऊन बसली. तिथं बोराएवढी गाठ झाली. मोठेबाबा पाणीपुरवठ्यात वॉलमन होते. डॉक्टरांनी झडपेचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जन्मभर गावाचे वॉल खोलले, आता माहाच जाम झाला." तेव्हा ते बोलत होते.

अकोल्याच्या हॉस्पिटलात त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर अनुप राठी आमच्या लॅबच्या अभ्यासातले सहकारी, त्यामुळे माझ्या ओळखीचे. त्यांनी मंगळवारी माझ्या चुलतभावाला, धम्मदीपला, समोर बसवून सगळं सांगितलं. नुसत्या औषधानं अशी गाठ जाणं अवघड असतं. नागपूरला नेऊन झडप बदलावी लागेल. पण किडनी थकलेली, रक्तदाब खाली, रस्ता अडीचशे किलोमीटरचा आणि बाहेर शेहेचाळीस अंश. वाटेत काहीही होऊ शकतं. "माझं मत विचाराल तर न्या. पण सही तुम्हाला करायची आहे, आणि उद्या-परवापर्यंत ठरवा," असं ते म्हणाले. धम्मदीप तालुक्याच्या शाळेत गणित शिकवतो. इकडे पन्नास, तिकडे पन्नास, असला हिशोब त्याला कधी आवडला नाही. त्यानं मला फोन केला.

"तुह्या मशीनीत काही दिसते का वं? बाबाचं शरीर लढून राह्यलं का नाई, एवढंच सांग."

इथं आमच्या कामाचं थोडं सांगावं लागेल. बुरशी माणसाच्या अंगात शिरली की तिला आधी अंगाची ऊब आणि मग ताप सोसावा लागतो. त्या उष्णतेत आपली घडी विस्कटू नये म्हणून ती एक खास प्रथिन बनवते, हीट शॉक प्रोटीन. ते तिला सावरून धरतं. पण नेमकं तेच आपल्या शरीराच्या नजरेत भरतं आणि शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करायला लागतं. ज्यांच्या रक्तात ही अँटिबॉडी चढत जाते ते बहुधा वाचतात आणि ज्यांची उतरते ते बहुधा जातात, असं काही जुन्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आपल्याकडच्या रुग्णांत तसं होतं का, हे अमरावतीतली आमची लॅब तपासत होती. 'बहुधा' हा शब्द माझ्या प्रबंधात पानोपानी आहे. फोनवर मी तो वापरला नाही.

मोठेबाबा आमच्या अभ्यासात होते, अ-२३ या क्रमांकानं. अभ्यास संपेपर्यंत कोणाचाही आकडा बाहेर सांगायचा नाही, उपचारासाठी तर नाहीच, हा नियम संमतीच्या फॉर्मवर मी स्वतः टाइप केलेला होता. रक्ताचा पहिला नमुना रविवारी धम्मदीपनं स्वतः बर्फात आणून दिला होता. आकडा आला ०.३, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. "बुधवारी दुसरा पाठव," मी म्हटलं. "चढला असंल तं दिसंल."

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरानं मला माझ्या कामाचं विचारलं होतं.

आमच्याकडे अकोल्याहून अमरावतीला काही पाठवायचं तर ते गाडीवर पाठवतात. शिकणाऱ्या पोरांचे डबे, विसरलेले चष्मे, आयुर्वेदिक काढे, सगळं ड्रायव्हरच्या हाती द्यायचं आणि गाडीचा नंबर फोनवर सांगायचा. आमच्या लॅबचे नमुनेही तसेच येतात, फक्त थर्माकोलच्या खोक्यात. तो खोका रविवारी धम्मदीप माझ्याकडेच विसरून गेला होता. म्हणून बुधवारी त्यानं मोठीआईच्या स्टीलच्या डब्यात बर्फ भरला, बर्फात सिरमची, म्हणजे रक्तातून वेगळ्या काढलेल्या निवळ द्रवाची, नळी ठेवली आणि डबा अकराच्या गाडीच्या ड्रायव्हरला दिला. ओमप्रकाशकाका त्या मार्गावरचे जुने ड्रायव्हर, सगळ्यांचे डबे तेच आणतात. "काका, लय जपून न्या, बाबाचा जीव हाय याच्यात," असं त्यानं सांगितलं.

पावणेदोनला मी अमरावतीच्या स्टँडवर डबा घेतला. बर्फाचं पाणी झालं होतं आणि नळी हाताला गरम लागली. हे मला आज सुचतं आहे असं नाही, तेव्हाही मला ते कळलं होतं. मी स्वतःला म्हटलं, मे महिना आहे, अमरावतीत नळाचं पाणीही गरम लागतं. अँटिबॉडी चिवट असते, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. प्रत्येक नमुन्यासोबत तापमानाचा कागद भरायचा असतो, त्यावर मी 'ठीक' लिहिलं.

चाचणी सोपी आहे. प्लेटला छोटे छोटे खळगे असतात आणि त्यांच्या तळाला बुरशीचं ते प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यात सिरम टाकायचं. अँटिबॉडी असेल तर ती प्रथिनाला धरून बसते आणि शेवटी खळगा पिवळा होतो. जितका गडद पिवळा, तितकी अँटिबॉडी जास्त. सोबत दोन खळगे प्रथिन न लावताच ठेवायचे आणि त्यांतही तेच सिरम टाकायचं. ते कोरे राहिले तर आकडा खरा. त्या दिवशी धम्मदीपचा दर वीस मिनिटांनी फोन येत होता. कोऱ्या खळग्यांसाठी वेगळी प्लेट काढा, ती तयार करा, यात तासभर जाणार होता. मी ते उद्यावर टाकलं.

आकडा आला १.१. मी दोनदा पाहिला.

सहा वाजता फोन केला. "धम्मा, चढला. तिपटीच्यावर चढला. लढून राह्यले ते."

त्यानं फोन पुढं केला. मग मोठीआईचा आवाज आला. सुंदराबाई नाव तिचं, पण सगळा मोहल्ला तिला मोठीआईच म्हणतो. नऊ दिवस ती आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर होती. रात्री तिथंच चादर टाकायची आणि दर दोन तासांनी काचेतून डोकावायची. "खरं सांगतं का वं?" तिनं विचारलं.

"खरं सांगते. आता तू घरी जा, मोठीआई. आंघोळ कर, झोप. नागपूरची घाई नाही आता."

कोणी मला हे सांगायला सांगितलं नव्हतं. मी आकडा सांगितला आणि वर सल्लाही दिला. अनुप सरांना मात्र मी कळवलं नाही, कारण ते काय म्हणतील हे मला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी साडेसातला धम्मदीपचा मेसेज आला, "आजचाही नमुना पाठवला. किती झाला ते पाय." मी मागितला नव्हता. सातच्या गाडीनं डबा निघालाही होता. मी फोन लावून मोठेबाबा कसे आहेत विचारलं.

"झोपून हाय. काल दिवेलागणीपासून झोपले. राठी सर उठवून पाहून राह्यले, पन मी मनलं झोपू द्या, लय दिवसानं झोप लागली. नंबर चांगला हाय नं?"

इतकी झोप बरी नव्हती, हे मला कळत होतं. पण मी म्हणाले, "हो."

पावणेदहाला मी स्टँडवर पोहोचले. गाडी लागली तेव्हा मी पहिल्यांदाच पुढच्या दारानं वर चढले, कारण काका खाली उतरायला वेळ लावत होते. त्यांच्या सीटशेजारी इंजिनावरचं ते पत्र्याचं झाकण, बॉनेट. त्यावर जाड सतरंजी घातलेली आणि सतरंजी बाजूला सारून, थेट पत्र्यावर, मोठीआईचा कालच्यासारखाच दुसरा डबा. तो हलू नये म्हणून काकांनी त्याला गमछ्यानं गिअरच्या दांड्याशेजारी बांधून टाकलं होतं.

"काका, डबा इथं ठेवता?"

"तं कुठी ठिवू? मांगं लोकं लाथा मारतेत. तुहा भाऊ मने जीव हाय याच्यात, मनून माह्याजोळ ठेवला. कालचाही इथंच होता. सतरंजीवर सरकते, मनून खाली पत्र्यावर बसवला."

मी पत्र्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला. काका हसले. "आंगठा भाजला का? मले सवय हाय, बाई. उन्हाळ्यात याच्यावर चहा होते."

डबा उघडला. आत पाणी होतं, त्यात बोट बुडवून ठेवता येत नव्हतं. मी त्यांना काही बोलले नाही. त्यांनी सगळ्यात जपण्याची जागा म्हणून ती जागा निवडली होती, आणि जपून ठेवायला सांगणारे आम्हीच होतो.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी शिकवते ते खरं आहे, अँटिबॉडी सहज मरत नाही. पण साठ अंशांच्या आसपास ती तासन् तास शिजली तर तिच्या गुठळ्या होतात आणि त्या मिळेल त्याला चिकटतात. बुरशीच्या प्रथिनाला चिकटतात, प्लेटच्या प्लास्टिकलाही चिकटतात. मग खळगा पिवळा होतो आणि त्यात लढाईबिढाई काही नसते. कालचे दोन कोरे खळगे लावले असते तर तेही पिवळे झाले असते आणि मला फोन करण्याआधीच कळलं असतं.

तिथूनच फोन करायला हवा होता. "आकडा विसर, सही कर," एवढे चार शब्द. मी केला नाही. मी रिक्षा करून लॅबमध्ये गेले, कालच्या नळीतलं उरलेलं सिरम काढलं आणि कोऱ्या खळग्यांत टाकलं. स्वतःला सांगितलं की आता पक्कं कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. काल हाच नियम मी गुंडाळून ठेवला होता आणि आज त्याच्या आड लपून बसले होते. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. कालची हुशार प्रिया आणखी तीन तास तरी हुशार राहावी, असं मला वाटत होतं.

सिरम टाकून एक तास थांबायचं, मग धुवायचं. पुन्हा दुसरं द्रावण टाकायचं, पुन्हा एक तास. या दोन तासांत फोन पाच वेळा वाजला. दोनदा धम्मदीप, दोनदा अनुप सर, एकदा मोठीआईचा नंबर. मी फोन उलटा करून ठेवला. लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणारी आचल म्हणाली, "घे नं ताई, घरून आहे." मी तिच्यावर ओरडले. तिनं काही चूक केली नव्हती.

शेवटचं द्रावण टाकल्यावर रंग यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मी प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवून बघत उभी राहिले. प्रथिन नसलेले, काहीच नसलेले ते दोन खळगे तिसऱ्या मिनिटाला पिवळे व्हायला लागले. मशीननं आकडा दिला १.०. मोठेबाबांच्या १.१ मधलं एक पूर्ण उन्हाचं आणि बॉनेटचं होतं. त्यांच्या शरीराचा जो काही वाटा होता तो रविवारपेक्षाही कमी असावा, आणि तेही मी आता खात्रीनं सांगू शकत नव्हते.

एक वाजून दहा मिनिटांनी मी अनुप सरांना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सकाळी अकरापासून मी तुझ्या भावाला सही कर म्हणून विनवतोय. तो म्हणतो, प्रियानं सांगितलंय, लढून राहिले. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला असावा, कालच संध्याकाळी. मघाशी व्हेंटिलेटर लावला." मग म्हणाले, "त्याला तू सांग. माझ्याकडून तो ऐकणार नाही."

मी धम्मदीपला सांगितलं. आकडा चुकला, माझी चाचणी चुकली, सही कर. डब्याचं मी त्याला सांगितलं नाही. तो एकदाच म्हणाला, "काल तं तू मनली..." आणि वाक्य तसंच सोडून सही करायला गेला.

तीन वाजता अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. नागपूरचा रस्ता अमरावतीला वळसा घालून जातो, म्हणून मी नांदगाव पेठेच्या फाट्यावर जाऊन उभी राहिले. तोंडाला ओढणी बांधून एका टपरीच्या सावलीत मी दीड तास होते. प्रत्येक पांढऱ्या गाडीला वाटायचं, हीच. ती अ‍ॅम्ब्युलन्स वेगानं निघून गेली तर, किंवा ती यायचीच थांबली तर, असले विचार मनात येत होते. पाचच्या सुमारास ती आली. धम्मदीप पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि मागं जा अशी खूण केली.

मागं मोठेबाबा, वर्षाली नावाची सिस्टर आणि मोठीआई. मोठेबाबांच्या तोंडातली नळी चिकटपट्टीनं धरून ठेवली होती. छाती यंत्राच्या तालावर वर-खाली होत होती. मोठीआईनं धुतलेलं पातळ नेसलं होतं आणि केस नीट विंचरले होते, हे मला आधी दिसलं. मी तिच्या शेजारी दाटीनं बसले.

गाडी सुरू झाल्यावर मी सांगून टाकलं. सगळंच सांगितलं. डबा, बॉनेट, हाताला गरम लागलेली नळी, कागदावर लिहिलेलं 'ठीक', न लावलेले खळगे, सकाळचे ते तीन तास. तिला अँटिबॉडी म्हणजे काय ते कळत नाही, पण तरीही मी काही वगळलं नाही. "मोठीआई, चूक माझी आहे," मी म्हणाले.

तिनं मोठेबाबांच्या पायावरची चादर सारखी केली. मग बोलली.

"तुहा फोन आला, मी घरी गेली. आंघोळ केली. भाकर खाल्ली. मंग अशी झोप लागली मले, का सकाळी उठली. हे तिकडे काल सातेक वाजता मले बलावून राह्यले होते. दोनदा नाव घेतलं मनते. कवाच घेत नाई ते माह्यं नाव, 'आयकलं का' मनतेत. काल 'सुंदरा' मने. दवाखान्यातल्या पोरीनं सांगतलं त्यायले, बाई घरी गेली, सकाळी येते. मंग ते काही बोललेच नाई."

मला रडू आलं. तिच्या खांद्याला हात लावायला गेले तर तिनं तो हळूच बाजूला केला.

"नंबर मले समजत नाई, प्रिया. मी तिथं नव्हती, तेवढं समजते."

"माझ्यामुळं."

"हो. तुह्यामुळंच," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर तिनं दिलं होतं. "त्या डब्याचं धम्माले सांगू नको. तो हातानं देऊन आला. त्याले जगू दे. तू शिकेल हाय, तू घे आपल्या डोक्यावर."

मी मान हलवली. मग ती सिस्टरकडे वळली. "बाई, यायले आयकू येते का आता?"

वर्षाली सिस्टरनं आधी माझ्याकडे पाहिलं. ती नुकतीच लागलेली असावी. "सांगता येत नाही मावशी," ती म्हणाली. "कोणाकोणाला येत असेल."

"मंग सरक जराशी," मोठीआई मला म्हणाली. "मधात बसली तू."

मी उठून दाराला टेकले. ती माझ्या जागेवर सरकली, एका हातानं वरचा दांडा धरला आणि त्यांच्या कानाशी वाकली. "आयकलं का," ती म्हणाली. "मी आली. काल घरी गेल्ती." मग पुन्हा तेच. गाडीला धक्का बसला की तिचं डोकं त्यांच्या डोक्याला लागायचं, आणि ती पहिल्यापासून सुरू करायची. तळेगावपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही.

मोठेबाबा नागपूरला जिवंत पोहोचले. ऑपरेशनही झालं. तिसऱ्या दिवशी, शुद्धीवर न येता, ते गेले. एक दिवस आधी नेलं असतं तर वाचले असते का, हे मी अनुप सरांना विचारलं आणि ते माहीत नाही म्हणाले. मोठीआईनं मात्र अजून एकदाही मला ते विचारलेलं नाही. त्यांना ऐकू गेलं असेल का, एवढंच ती विचारते, दर वेळी मी अकोल्याला गेले की. मी दर वेळी सांगते, मला माहीत नाही.